दोन डबे, एक पोटगी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली एक बाई डोळ्यांसमोर आणा. बाई कल्पनेतली आहे, कारण कुणाचं खरं घर चव्हाट्यावर मांडायची माझी इच्छा नाही. पण पोटगीची कामं चालवणाऱ्या वकिलाला ही गोष्ट सांगायला लागलात, तर पुढची तो स्वतःच सांगेल.

नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेला तेव्हा पोरगं तीन वर्षांचं. दोन वर्षं माहेरी काढली. मग भावांनी स्थळ आणलं. माणूस शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. पगार बरा, स्वभावही बरा. त्यानंच पोराला शाळेत घातलं, दाखल्यावर स्वतःचं नाव आणि आडनाव लावलं. पालकसभेला तोच जायचा. पोरगं त्याला पप्पा म्हणायला लागलं. दोन वर्षांत एक मुलगी झाली. रोज सकाळी त्या घरात दोन डबे भरले जायचे, एकाच कुकरचा भात, एकाच तव्यावरच्या चपात्या.

आठ वर्षांनी संसार मोडला. का मोडला ते आज राहू दे. बाई दोन्ही पोरं घेऊन माहेरी आली आणि पोटगीचा अर्ज केला. मुलीला दरमहा रक्कम मंजूर. मुलाचा अर्ज नामंजूर. मुलगा तेव्हा सातवीत.

हा निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना मी दोष देणार नाही. त्यांच्यासमोर जे कलम आहे ते त्यांनी वाचलं. माझं भांडण कलमाशी आहे.

पोटगीचं कलम पूर्वी 125 होतं. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 144 झालं. क्रमांक बदलला, गाभा तोच राहिला. पुरेशी ऐपत असलेल्या माणसानं कुणाला पोसायचं, याची यादी त्यात आहे: बायको, औरस किंवा अनौरस अपत्य, आणि आईबाप. हा कायदा सगळ्या धर्मांना लागू. यादीत अनौरस अपत्य आहे, हे कायद्याचं मोठेपण. लग्नाशिवाय झालेल्या मुलालाही बापाच्या अंगणात उभं राहण्याचा हक्क 1898 च्या संहितेच्या 488 व्या कलमातच होता. इंग्रजांनी तो लिहिला, आपण 1973 मध्ये तो पुढे चालवला आणि आईबापांची भर घातली. 2001 मध्ये पाचशे रुपयांची कमाल मर्यादाही काढून टाकली. त्यानंतर तर अख्खी संहिता बदलली. इतक्या वेळा पाटी पुसून लिहिली, पण 'सावत्र' हा शब्द मुलाच्या शेजारी एकदाही आला नाही.

हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा 1956 चा. त्याचं 20 वं कलम तेच सांगतं: औरस किंवा अनौरस मुलं, आणि म्हातारे किंवा दुर्बळ आईबाप. पण याच कलमाला जोडलेलं स्पष्टीकरण वाचा. आईबाप या शब्दात निपुत्रिक सावत्र आईसुद्धा धरावी, असं तिथं लिहिलंय. म्हणजे सावत्र मुलानं सावत्र आईला पोसावं. सावत्र आईनं किंवा सावत्र बापानं मुलाला पोसावं, हे मात्र कुठंच नाही.

सावत्र आईला मिळालेला हा हक्क योग्यच आहे, तो काढा असं मी म्हणणार नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कीर्तिकांत वडोदरिया खटल्यात हेच तत्त्व 125 व्या कलमालाही लावलं. निपुत्रिक सावत्र आई विधवा असेल, किंवा तिचा नवरा तिला सांभाळायला असमर्थ असेल, तर ती सावत्र मुलाकडे पोटगी मागू शकते. त्या खटल्यातल्या बाईंना स्वतःची मुलं होती आणि नवराही सधन होता, म्हणून त्यांना मिळाली नाही. पण दार उघडलं गेलं. म्हणजे रक्ताशिवाय नातं असतं आणि त्या नात्यातून पोसण्याचं कर्तव्य जन्माला येतं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाला मान्य आहे. मग हे कर्तव्य पोराकडून आईकडेच का वाहतं? उलट्या दिशेनं का नाही?

2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा घ्या. त्यात पालकाची व्याख्या आहे: आई किंवा बाप, मग ते जन्मदाते असोत, दत्तक घेणारे असोत की सावत्र. शब्द स्पष्ट आहे, 'सावत्र बाप' असा. प्रांतसाहेबांपुढे अर्ज जातो, दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. म्हणजे आपला फौंड्रीवाला साठीला पोचला आणि हातपाय थकले, तर हा कायदा त्याला बाप मानायला तयार. पोरगं सातवीत असताना तो बाप नव्हता.

अजून पुढचं ऐका. या कायद्यातल्या 'मुलं' या शब्दाची व्याख्या वाढवायचं एक विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं. त्यात सावत्र मुलांचा समावेश करायचा प्रस्ताव होता, म्हणजे म्हाताऱ्यांना पोसण्याची जबाबदारी त्यांच्यावरही टाकायची. ते विधेयक मंजूर झालं नाही, लोकसभा बरखास्त झाली तसं तेही गेलं. पण दिल्लीत बसलेल्या माणसांना सावत्र मूल आठवलं कशासाठी, ते बघा. त्याच्याकडून घ्यायचं होतं म्हणून आठवलं. त्याला द्यायचं असतं तेव्हा कुणाला आठवत नाही. माझा संताप होतो तो इथं.

जुन्या मराठीत पाट लावून दुसऱ्या घरी गेलेल्या बाईबरोबर आलेल्या मुलाला 'गेलड' म्हणत. शब्द प्रेमाचा नव्हता, पोराच्या पाठीवर वळ उठवणाराच होता. पण शब्द होता, म्हणजे मूल दिसत होतं. आपल्याकडे बहुजन समाजात पाट, म्होतूर, काडीमोड हे शेकडो वर्षं चालत आलेलं. बाई दुसऱ्या घरी गेली की पोराचं काय, हा प्रश्न गावाला नवा नव्हता. बहुतेक वेळा उत्तर आजोळ हेच असायचं. 1856 च्या विधवा विवाहाच्या कायद्यानंही पोरांचा विचार केला तो एवढाच, की आईनं दुसरं लग्न केलं तर मेलेल्या बापाच्या नातलगांनी कोर्टात जाऊन पोरांचा पालक नेमून घ्यावा. आईच्या नव्या घरात ते मूल वाढेल, ही कल्पनाच त्या कायद्यात नव्हती. 1983 मध्ये तो रद्द झाला. आज पोरं आईबरोबर नव्या घरात जातात, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. कायदा मात्र अजून ते मूल आजोळी आहे असं धरून चाललाय.

कोल्हापूरकरांनी हा प्रश्न अंगाला लावून घ्यायला हवा असं मला वाटतं, त्याचं कारण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. 1919 मध्ये बायकांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा देणारा कायदा केला. 1920 मध्ये जोगतिणी आणि अनौरस संततीचा प्रश्न कायद्यानं हातात घेतला. मोठ्यांनी काहीही केलं तरी त्याची शिक्षा पोराला नको, हे या मातीत शंभर वर्षांपूर्वी लिहून झालंय.

आणि हेरवाड. त्याच शिरोळ तालुक्यातलं गाव. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, 4 मे 2022 रोजी, हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, हे गावात होणार नाही. तेरा दिवसांत, 17 मे रोजी, राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेच करायला सांगितलं. मला त्या गावाचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण बाईच्या हातात बांगड्या राहिल्या, कुंकू राहिलं, तर उद्या ती दुसरं लग्नही करेल. करावंच. आणि तिच्या मागोमाग एक पोरगं त्या नव्या उंबऱ्यात पाऊल टाकेल. त्या पावलाचा ठराव अजून कुणी केलेला नाही.

आता आक्षेप. सगळ्यात मोठा मला माहीत आहे, कारण प्रत्येक वेळी तोच येतो. सावत्र बापावर पोटगी लादलीत तर पोर असलेल्या बाईशी लग्न करायला कोण पुढं येईल?

हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. आपल्याकडे पोरासकट बाईला स्वीकारणारा माणूस आधीच मोजका, आणि त्याला घाबरवावं असं मलाही वाटत नाही. पण आज काय चाललंय ते आधी बघा. स्थळ येतं तेव्हा मध्यस्थ पहिल्यांदा काय विचारतो? "पोरगं आजोळी राहील नव्हं?" हा प्रश्न पोटगीच्या कायद्यानं आणलेला नाही. कुठलीच जबाबदारी नसताना हा प्रश्न विचारला जातोय. जो पोराला नको म्हणतो तो आजही नको म्हणतो. आणि जो मनापासून हो म्हणतो, शाळेत नाव लावतो, तापात रात्र जागतो, तो माणूस कायद्याच्या एका ओळीला भिऊन मागं सरेल, हे मला पटत नाही. मागं सरेल तो दुसराच. ज्याला बाई हवी, पोरगं चालेल, पण बिनसलं की पोरगं दारातल्या पायपुसण्यासारखं झटकायचं. तो मागं सरला तर बाईचं काय नुकसान?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. जन्मदाता जिवंत असेल तर? तो मोकळा सुटेल आणि दुसरा भरत बसेल. नाही, असं होता कामा नये. आईनं दुसरं लग्न केलं म्हणून पहिल्या बापाची जबाबदारी कणभरही कमी होत नाही. आजच्या कायद्यातही होत नाही. पण आपल्या गावांत हे कुणी मानतच नाही. बाईनं दुसरा दादला केला की पहिला म्हणतो, आता त्यानं पोसावं. आणि दुसरा म्हणतो, ज्याचं त्यानं पोसावं. दोघांच्या या म्हणण्यांच्या मधल्या खड्ड्यात पोरगं पडतं. पहिला बाप असेल तर पहिलं पाऊल त्याच्या दारात, यात शंका नको. बाप वारला असेल तर त्याच्या मालमत्तेत पोराचा हिस्सा आहे, आईच्या लग्नानं तो जात नाही. शिरोळ, करवीर, हातकणंगल्यात ऊसाची जमीन असते. सातबाऱ्यावर पोराचं नाव वारस म्हणून लागलंय का, हे चुलत्यांच्या शब्दावर सोडू नका. फेरफार काढून बघा.

सावत्र बापाचा नंबर यानंतर. पण यादीत त्याचं नाव हवं.

किती हवं, केव्हा हवं, याचं माप जगात काही ठिकाणी घातलंय. इंग्लंडमध्ये 1973 च्या वैवाहिक कायद्यात 'कुटुंबातलं मूल' अशी कल्पना आहे. मूल रक्ताचं नसलं तरी घटस्फोटाच्या वेळी कोर्ट विचारतं: यानं या मुलाची जबाबदारी उचलली होती का? कितपत, कशाच्या आधारावर, किती वर्षं? मूल आपलं नाही हे ठाऊक असून उचलली होती का? आणि दुसरं कुणी, म्हणजे जन्मदाता, जबाबदार आहे का? या चार प्रश्नांत वरचे दोन्ही आक्षेप मिटतात. सहा महिन्यांच्या लग्नाला आठ वर्षांचं ओझं नाही, आणि आठ वर्षांच्या बापाला सहा महिन्यांची पळवाट नाही. लंडनला जाऊन संसार थाटलेल्या मराठी माणसाचा घटस्फोट तिथं झाला, तर त्याला हेच प्रश्न विचारले जातील. कोल्हापुरातल्या माणसाला का विचारू नयेत?

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1999 चा शार्टिए खटला मला आपल्याच इथला वाटतो. मॅनिटोबा प्रांतातलं जोडपं. बाईला आधीची एक मुलगी, आणि दोघांची मिळून एक. दत्तक घेऊ असं दोघांत बोलणं झालं, पण घेतलं नाही. मात्र जन्मनोंदीत खोटी दुरुस्ती करून त्यानं स्वतःचं नाव बाप म्हणून लावून घेतलं. वर्षभरात संसार मोडला. मग तो कोर्टात म्हणाला, ही माझी मुलगी नाही, माझं नातं मी संपवतोय. खालच्या कोर्टांनी त्याचं ऐकलं होतं. वरच्या कोर्टानं ऐकलं नाही. आईबापाच्या जागी एकदा उभा राहिलेला माणूस स्वतःच्या मर्जीनं, एकतर्फी, त्या जागेवरून उतरू शकत नाही, असा निकाल दिला. संसार होता त्या काळात तो मुलाशी कसा वागला ते बघायचं, भांडणानंतर काय म्हणतो ते बघायचं नाही.

दत्तक घेतलं नाही, पण नाव लावलं. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट किती घरांत होते ते शाळेतल्या गुरुजींना विचारा. आधार कार्डावर नाव, रेशन कार्डावर नाव, शाळेच्या रजिस्टरात नाव. आणि बायकांना वाटतं, झालं, पोराला बाप मिळाला. हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. नाव लावणं म्हणजे दत्तक घेणं नव्हे. शाळेच्या दाखल्यावरचं आडनाव पोटगीच्या अर्जात पोराला एक रुपया मिळवून देत नाही.

जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुनर्विवाह केलेल्या एका आईच्या बाजूनं निकाल दिला. मुलाचं आडनाव काय असावं हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, आणि कागदांवर तिच्या नवऱ्याची नोंद सावत्र बाप म्हणून करायला लावणं हे क्रूर आणि मुलाच्या मनाचा विचार न करणारं आहे, असं कोर्टानं म्हटलं. फार चांगला निकाल. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. त्या खटल्यात सावत्र बापानं मुलाला नोंदणीकृत दत्तकपत्रानं रीतसर दत्तक घेतलेलं होतं. बातम्यांत आडनाव गाजलं, दत्तकपत्राकडे कुणी पाहिलं नाही.

मग सगळ्यांनी दत्तक घ्यावं की, असं कुणी म्हणेल. घ्यावंच, पण वाट सरळ नाही. 1956 च्या कायद्याच्या 11 व्या कलमात अट आहे: मुलगा दत्तक घ्यायचा तर घरात हिंदू मुलगा आधी नको, मुलगी घ्यायची तर मुलगी नको. आपल्या गोष्टीतल्या माणसाला त्याच्या पहिल्या बायकोपासून मुलगा असता, तर त्याला या कायद्यानं या पोराला दत्तक घेताच आलं नसतं, कितीही मनात असलं तरी. पुरुषानं मुलगी घ्यायची तर दोघांच्या वयात एकवीस वर्षांचं अंतर हवं. मूल पंधरा वर्षांच्या आतलं हवं. जन्मदाता जिवंत असेल तर बहुतेक वेळा त्याची संमती हवी, आणि रुसलेला पहिला नवरा संमती देतो का, ते सांगायची गरज नाही. दुसरी वाट बाल न्याय कायद्याची. 2022 च्या दत्तक नियमांत सावत्र पालकासाठी तरतूद आहे, काम जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत चालतं आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर आदेश जिल्हाधिकारी देतात. तिथं आधीच्या मुलामुलीची आडकाठी नाही. संमतीचा प्रश्न तिथंही आहेच.

दत्तकाआधी एक काम मात्र न चुकता करा. दत्तक गेल्यावर मूल जुन्या घरातून कायद्यानं तुटतं. मेलेल्या बापाचा जो हिस्सा आधीच मुलाकडे आलाय तो त्याचाच राहतो, पण आजोबांच्या नावावर जे आहे त्यातला पुढचा वारसा थांबू शकतो. म्हणून आधी सातबारा, मग दत्तकपत्र. एखाद्या चांगल्या वकिलाला दोन्ही कागद दाखवल्याशिवाय सही करू नका.

आणि ज्यांचा संसार आजच मोडलाय, दत्तकपत्र नाही, पोरगं सातवीत आहे, त्यांनी काय करायचं?

एक दार आहे, आणि ते फार कमी बायकांना माहीत आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा. त्यात मुलाच्या व्याख्येत दत्तक, सावत्र आणि सांभाळायला घेतलेलं मूल स्पष्ट लिहिलेलं आहे. 20 व्या कलमात पीडित बाईला आणि तिच्या मुलांना निर्वाहखर्च द्यायचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे. शब्द 'तिची मुलं' असा आहे, 'त्याची' नाही. या एका सर्वनामानं आपल्या सातवीतल्या पोराला दारात उभं राहता येतं. घरखर्चाला पैसे न देणं, बाईला आणि तिच्या मुलांना गरजेच्या गोष्टींपासून तोडणं, हीसुद्धा या कायद्यात हिंसा आहे, आर्थिक हिंसा. मारहाणीच्या खुणा दाखवाव्याच लागतात असं नाही. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो, थेटही करता येतो. पोटगीचा साधा अर्ज करायला गेलेल्या बाईनं वकिलाला विचारावं, "माझ्या मोठ्याचं काय? त्याच्यासाठी त्या दुसऱ्या कायद्यात अर्ज घालू या का?"

पण हिंसा सिद्ध व्हावी लागते. सगळे संसार हिंसेनं मोडत नाहीत. दोघं समजुतीनं वेगळे होतात तेव्हा काय? तिथं कायदा गप्प, पण कागद गप्प राहायला नको. परस्पर संमतीच्या घटस्फोटात अटी लिहिल्या जातात. भांडी, दागिने, मुलीची भेट कधी, सगळं. त्यात मोठ्याच्या शाळेचा खर्च अठरा वर्षांपर्यंत लिहून घ्या. त्यावर सही झाली की ते त्याच्यावर बंधन. चांगल्या माणसाला ही अट घालायला लाज वाटत नाही, आणि वाईट माणसाला ती घातल्याशिवाय सोडू नये.

हे झाले आजचे उपाय, ठिगळं म्हणा. कलम बदलल्याशिवाय हे संपणार नाही. कलम 144 मध्ये एक ओळ लागेल: ज्या मुलाला माणसानं जाणूनबुजून आपल्या घरातलं मूल म्हणून वाढवलं, त्या मुलाची जबाबदारी त्या माणसाची वागणूक आणि वर्षं बघून ठरवावी, जन्मदात्याची जबाबदारी आधी धरून. एवढीच ओळ.

ओळ येईपर्यंत न्यायालयांना हात बांधून बसावं लागतं का? मला तसं वाटत नाही. 1987 चा कल्याणचा खटला आठवा. बापानं लग्न झालेल्या, डॉक्टर असलेल्या मुलीकडे पोटगी मागितली. कलमात 'त्याचे आईबाप' असा पुरुषवाचक शब्द. मुलीचे वकील म्हणाले, ही जबाबदारी मुलाचीच. सर्वोच्च न्यायालयानं 'त्याचे' या शब्दात 'तिचे' वाचलं आणि बापाला हक्क दिला. निपुत्रिक सावत्र आईसाठी 1996 मध्ये शब्द आणखी रुंद झाला. दोन्ही वेळा म्हाताऱ्यांसाठी झाला. एकदा पोरासाठी होऊ दे.

आणि हे कोल्हापुरातच व्हावं असं मला वाटतं. चाळीसेक वर्षं वकिलांनी आणि लोकांनी रस्त्यावर येऊन मागितलेलं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची कामं तिथं येतात. पूर्वी शिरोळच्या बाईला अपिलासाठी मुंबई गाठायची म्हणजे गाडीभाडं, राहायचं, मजुरी बुडायची. पोटगीच्या हजार-दोन हजारांसाठी कोण जाणार? आता एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. बेंच मागताना आपण न्याय दारात आणा म्हणत होतो. दारात आलाय, तर हा प्रश्न घेऊन कुणीतरी वकील आत जायला हवा. फी न घेता गेला तर त्याचं नाव या सदरात मी आनंदानं लिहीन.

तोवर दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागेल आणि घराघरांत याद्या करायला बैठका बसतील. सुपारी फुटेल. मामा, मेव्हणे, गावातली दोन जाणती माणसं बसून मानपान, भांडी, कपडे, मंडपाचा खर्च ओळीनं लिहितील. बाईचं दुसरं लग्न असेल तर पोराचा विषय निघाला की सगळे खाली बघतात, आणि कुणीतरी म्हणतं, ते नंतर बघू. त्या बैठकीत तुम्ही असाल तर पेन हातात घ्या आणि यादीच्या शेवटी एवढं लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या: मुलगा आईबरोबर नव्या घरी येणार. त्याच्या बापाच्या जमिनीची वारसनोंद लग्नाआधी. दत्तकपत्र लग्नानंतर सहा महिन्यांच्या आत, खर्च नवरदेवाकडच्या मंडळींचा.